कुकरवाली

नाही नाही, तिकडे सोफ्यावर नको, इथे बस — ह्याच टेबलाचा फोटो हवाय ना तुमच्या पेपरला? हेच ते. कौस्तुभने फोनवर सांगितलं असेलच, ‘हमारे डाइनिंग टेबल पर आइडिया आया’ म्हणून. सगळ्यांना तेच सांगतो. येईल तो, अक्षरधामपाशी ट्रॅफिकमध्ये अडकलाय. चहा घे. भक्ती ना तुझं नाव? मराठी ऐकून बरं वाटलं गं — मयूर विहारात आमच्या सोसायटीत आता मराठी घरं उरलीत कुठे, जी आहेत त्यांतली मुलं मला ‘नमस्ते आंटी’ म्हणतात. — काय म्हणालीस? एवढं मोठं दुकान तोडून छोटी छोटी दुकानं करायचं त्याला कसं सुचलं? त्याला? त्याला सुचलं?

बस, बस, रागावले नाही मी. म्हणजे रागावलेय, पण तुझ्यावर नाही. नीट सांगते, म्हणजे तुला कळेल. कौस्तुभचे बाबा फरीदाबादला कारखान्यात होते. कारखाना बंद पडला आणि हा माणूस पन्नाशीत घरी बसला — घरी बसणारा माणूस नव्हे तो. कौस्तुभ तेव्हा नुकताच कॉम्प्युटरचं शिकून आला होता. बापलेकांनी मिळून इंटरनेटवर भांड्यांचं दुकान काढलं, ‘घरसामान’. तवे, डबे, कुकर, चकलीचे सोरे, देवाची पितळी भांडी — जे म्हणशील ते. चाललं गं छान! मग ते गेले, हार्टने गेले, आणि पाठोपाठ त्या मोठ्या कंपन्या आल्या. मेट्रोच्या खांबाखांबावर त्यांच्या जाहिराती. आम्ही ज्या भावात माल आणायचो त्याच्या खालच्या भावात ते विकायचे. कॉम्प्युटरवर कुणी ‘तवा’ टाईप केलं की आधी ते, मग ते, मग पुन्हा ते, आणि आम्ही कुठे? दहाव्या पानावर, जिथे कुत्रं जात नाही. कौस्तुभ इथे ह्या खुर्चीवर डोकं धरून बसायचा. बंद करूया म्हणायचा.

आणि फोन कोण घ्यायचं? मी. पगारी माणसं काढून टाकली होती, मग राहिलं कोण — आई. दिवसभर फोन. कानपूरहून, जम्मूहून, कुठून कुठून. आणि फोन घेता घेता मला एक कळलं — माझं मलाच कळलं, कुणी शिकवलं नाही — की ही माणसं बाजार फिरायला आलेलीच नाहीत. गॅसवर डाळ अर्धी शिजलीय आणि कुकरची रिंग तुटलीय, असं माणूस फोन करतं. त्याला तुझे चकलीचे सोरे आणि समया कशाला दाखवतोस? त्याला रिंग दे! तर मी ह्याच टेबलाशी, आमटी वाढता वाढता म्हटलं, अरे, हे एवढं मोठं दुकान मोड आणि त्याची छोटी छोटी कर. एक फक्त कुकरच्या सामानाचं — रिंग, शिटी, दांडा, बस. एक फक्त तव्यांचं. एक देवाच्या भांड्यांचं. मोठी कंपनी नवा कुकर विकेल, जुन्याची शिटी ती कशाला ठेवेल? तिथे आपण बसू. प्रत्येकाचं नाव वेगळं, पाटी वेगळी. नावसुद्धा मीच दिलं — ‘कुकरवाली’.

हसला. तोंडात घास होता, ठसका लागेपर्यंत हसला. ‘आई यार, तू कढीला फोडणी दे.’ असं म्हणाला. आणि मग काय झालं? पावसाळा संपला नाही तोवर गुडगावहून कुणी पैसे घालणारे आले, आणि ह्याने भिंतीवर चित्रं दाखवून त्यांना समजावलं — एक छोटं दुकान कुकरचं, एक तव्याचं, एक देवाच्या भांड्यांचं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. शब्द न् शब्द माझा, फक्त इंग्रजीत. टाळ्या वाजवल्या त्यांनी! आणि मी — मी बिस्किटं ठेवली आणि आत गेले. तेव्हा म्हटलं, जाऊ दे, लेकरूच आहे आपलं. मूर्ख मी. बिल्कुल मूर्ख.

चाललं ना, सगळंच चाललं. तव्याच्या दुकानाने त्या बड्या कंपनीला खाली ढकललं, तुझ्या पेपरात आलं होतं तेव्हाही. त्याचंच नाव. नोएडाला काचेचं ऑफिस झालं. बाकीच्या दुकानांना त्याने पोरं नेमली, पण कुकरवालीचा फोन माझ्याकडेच राहिला, कारण बायका मलाच मागायच्या — ‘वो कुकरवाली आंटी को दो.’ मला वाटलं, चला, नाव नाही तर नाही, फोन तरी माझा आहे.

लिहून घेतेयस का? घे, घे लिहून. आता खरं सांगते राग कशाचा. गेल्या थंडीत एक गृहस्थ फोनवर आले. हिंदीत सांगत होते, दांडा सैल झालाय, जुना कुकर आहे, आणि मध्येच वैतागून म्हणाले, ‘अरे देवा, आता ह्यांना कसं सांगू’ — मराठीत! मी म्हटलं, मराठीतच सांगा. हसले. काकासाहेब म्हणून आहेत, फौजेतले सुभेदार होते, साताऱ्याकडचे, आता इथेच, पालमला एकटे राहतात. बायकोच्या हातचा कुकर, बायको गेली, मुलगा म्हणतो नवा घ्या, ह्यांना तोच हवा. दांडा पाठवला. मग शिटी. मग — मग कुकरचं काही उरलं नाही मागायला, तर भात चिकट का होतो विचारायचे. माणूस सभ्य गं. मी सांगायची. त्यात काय?

तर कौस्तुभने फोनवर मशीन बसवलं. ‘क्वालिटी’साठी म्हणे, सगळं बोलणं टेप होतं. आणि ऐकलं त्याने! एकट्याने नाही — ऑफिसात, त्या पोरांच्या समोर, स्पीकरवर! त्याची आई भाताविषयी बोलतेय आणि हसतेय, आणि ती पोरं… मला त्यांच्यातल्याच एकीने सांगितलं, रडत सांगितलं बिचारीने. घरी येऊन मला काय म्हणतो? ‘आई, लोग क्या कहेंगे? असे म्हातारे फ्रॉड असतात, एकट्या बायका शोधतात.’ दुसऱ्या दिवशी फोन बंद. आता कुकरवालीचा फोन लावलास तर कुठल्या तरी कॉल सेंटरमधली मुलगी ‘एक दबाइए, दो दबाइए’ म्हणते. माझी कल्पना घेतलीस, घे. माझं नाव घेतलंस, घे. माझं हसणंही तुला ऑफिसात वाजवायला हवं होतं?

फ्रॉड म्हणे! त्या माणसाला फ्रॉड करायला दिसतं तरी का? एका डोळ्यात मोतीबिंदू, दिव्याचं बटण भिंत चाचपून शोधतात. कप दोनच, पण पाहुणा येण्याआधी पुन्हा धुऊन ठेवतात, उन्हात, खिडकीच्या कठड्यावर — मागे कँटोन्मेंटची भिंत आहे ना, तिच्यावर मोर येऊन बसतो, त्याला पोळी घालतात, आणि आपण बोललो की तो —

काय? मला कसं माहीत? फोनवर… फोनवर सांगितलं असेल. तेव्हा. बंद व्हायच्या आधी.

अशी काय बघतेस? काही नाही तसलं. मंगळवारी मी देवळात जाते, सगळ्या सोसायटीला माहीत आहे मी देवळात जाते. मेट्रोने जाते.

ते पेन खाली ठेवा. ठेवा म्हणते ना. एक शब्द छापायचा नाही, कुकरचा नाही, टेपचा नाही, पालमचा तर नाहीच. माझं नावसुद्धा नको, कुठल्याच कोपऱ्यात नको. कल्पना कुणाची? कौस्तुभची. हो, त्याचीच, लिहा तसं, मोठ्या अक्षरात लिहा — आईला काही कळत नाही, आई कढी करते. लिहिलंत? वाचून दाखवा. हं.

बेल वाजली. तोच आलाय. उठा, तुम्हीच दार उघडा, आणि फोटो बाहेर बाल्कनीत काढा, इथे उजेड नाही. मला स्वयंपाक आहे.