चपलांजवळची जागा

हॅलो?… हो, हो, कोल्हापूर! कालिंदीच बोलतेय… कोण, विमला? अगं, जरा मोठ्यानं बोल. तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय.

हो, निघाले. दत्तोपंत सकाळच्या एस.टी.नं निघाले. डबा दिलाय बरोबर. संध्याकाळपर्यंत पुण्यात तुझ्यासमोर उभे राहतील… काय?… साडी?

अगं… साडी नाही घेतली त्यांनी.

नाही गं, विसरतील कसे? डाळिंबी रंग, जरीचा काठ, सगळं पाठ होतं. काल वसुबारसेला संध्याकाळी घरातून बाहेर पडले तेच मुळी तुझ्या साडीसाठी… अगं, रागावू नकोस. आधी ऐक ना! खुर्ची ओढ, रिसीव्हर कानाशी घट्ट धर आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसल्यासारखी बस. आख्यानच सांगते. ऐकून झाल्यावर राग उरला तर मला बोल, नवऱ्याला नको.

ते श्रीवैभव वस्त्रभांडार माहीत आहे ना?… हो, भाऊसोंचं, तीन मजली. त्यांना यंदा दिवाळीत पुण्य करायची हुक्की आली. घरी बसून काहीबाही करून विकणारी जी लहान माणसं, त्यांना आपल्या दुकानात फुकट जागा द्यायची. साडीला आलेलं गिऱ्हाईक त्यांचंही चार वस्तू घेईल, असा विचार. दारावर हा एवढा फलक, ‘लहानांच्या पाठीशी मोठं मन’. त्यातलं ‘मोठं मन’ रंकाळ्यावरून दिसावं, आणि ‘लहान’ शोधायला मला चष्मा लावावा लागला!

तर त्यात आमची मीनाबाई… अगं, उटणंवाली! दर दिवाळीला महाद्वार रोडला बसायची बघ. तीच. भाऊसोंनी शब्द दिला म्हणून तिनं रस्त्यावरची आपली जागा दुसरीला देऊन टाकली, आणि पोतं भरून उटणं कुटून ठेवलं. आता दिवाळी सरली की उटण्याला कोण विचारतं? मला म्हणाली, “वैनी, औंदा खपलं न्हाय तर गाशा गुंडाळायचा. कबनूरला भावाकडं जायाचं आनि त्याच्या मागाच्या कांड्या भरत बसायचं. भावजय वाटच बघाय लागल्या.”

हो ना! आणि जागा कुठं दिली असेल, सांग?… आत? छे! पायरीवर. गिऱ्हाईक चपला काढतं ना, तिथं. ती कुरकुरली तर भाऊसो म्हणाले, “आगं, समदं पावणं हितनंच आत जात्यात की! ह्याच्यापरास मोक्याची जागा दुकानात न्हाय.” बसली बिचारी. लोक चपला काढायचे आणि वर काचेतल्या साड्या बघत आत जायचे. एकीनं तर तिला बजावलं, “बाई, माझ्या नव्या आहेत हं, लक्ष ठेवा.”

केली की तक्रार! पुन्हा केली. तेव्हा भाऊसो म्हणाले, गर्दीच कमी पडतेय, गर्दी आणतो. आणि काय ठेवलं असेल?… नाही गं, ऑर्केस्ट्रा कसला! कीर्तन! साडीच्या दुकानात, नृसिंहबुवांचं कीर्तन!

हसू नकोस. मी पहिल्या रांगेत होते.

अगं, विचार कर. आत पांढऱ्याशुभ्र चादरींच्या गाद्या, चपला बाहेर, उदबत्तीचा वास. माणसाला देऊळच वाटणार. बुवांनी झांज वाजवली, आणि साड्या बघायला आलेल्या बायका बसल्या त्या बसल्याच. भाऊसोंना वाटलं, लोक जमतील, घटकाभर ऐकतील, की वळतील काउंटरकडे. पण बुवा उभे असताना, आरतीच्या आधी, उठतं का कुणी? विकणारी माणसं हात जोडून कपाटांना टेकलेली. एकानं सवयीनं साडी फडकन उलगडली, तर अख्खं दुकान त्याच्याकडे वळून ‘शूऽऽ!’

हो, दत्तोपंत माझ्या मागंच होते. एकदा उठायला बघत होते, पण मीच डोळे वटारले… बरं बाई, माझं चुकलं! पण कीर्तनातून उठून साडी?

हॅलो? हे मधे कोण बोलतंय?… ऑपरेटर? ट्रंक कॉलची वेळ संपली?… हो, हो, वाढव! सांग त्यांना कॉल वाढवा म्हणून. उत्तररंग राहिलाय अजून.

तर आख्यान सुदाम्याचं. बुक्का लावायच्या निमित्तानं भाऊसो बुवांच्या कानाशी लागले. मी ऐकलं ना! “बुवा, द्वारकेतल्या पितांबराचं वर्णन आलं की आमच्या दुकानाचं नाव घ्या.” बुवांनी मान डोलावली आणि नाव घेतलं ते विठ्ठलाचं. मग कृष्ण अनवाणी दारात धावत येतो, सुदाम्याला मिठी मारतो, हाताला धरून आपल्या मंचकावर बसवतो… काय गायले गं! अंगावर काटा आला. भाऊसोंच्या डोळ्यांना धार लागली. खरंच रडत होते, खोटं कशाला सांगू? आणि दाराबाहेर चपलांच्या ढिगात मीनाबाईही पदरानं डोळे पुसत होती.

आरती झाली, तर दुकान बंद करायची वेळ! आत एक रुमालसुद्धा खपला नाही. खिरापत घेऊन सगळं माणूस चपलांवर लोटलं. आता चप्पल शोधायची तर खाली वाकायला हवं, आणि वाकलं की नाकासमोर मीनाबाईचं उटणं! वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी… एकेकीला एकदम आठवलं, परवा पहाटे अभ्यंगस्नान, आणि घरात उटणंच नाही.

अगं, पोतं झटकलं तिनं! कबनूरची भावजय बसू दे वाट बघत.

भाऊसो होय? त्यांनी आज सकाळी फोटोवाला बोलावला. रिकाम्या पोत्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. वर म्हणाले, पुढल्या वर्षी त्या पायरीला भाडं लावणार! तर मीनाबाई म्हणते कशी, “लावा की मालक. पर कीर्तन मातर रोज ठिवा.”

साडी घे गं पाडव्याला. पुण्यात काय दुकानं नाहीत? दत्तोपंतांच्या पिशवीत उटणं आहे, ते आधी काढून घे… हो, पुड्यांवर श्रीवैभवचं नाव छापलेलं असेल, ती भाऊसोंची अटच होती. तिकडे बघू नकोस. उद्या पहाटे मुलांच्या अंगाला लावशील ना, तेव्हा देवापुढच्या दिव्याकडे बघून एकदा मीनाबाईचं नाव घे… कुणाचं काय? मीनाबाईचं! मी-ना-बाई! पुडीवर कुठं सापडायचं नाही ते, म्हणून सांगते. तेवढं लक्षात ठे… हॅलो?… विमला?… हॅलो?