कॉम्प्युटरमध्ये पळालेली अक्षदा

खोपटच्या एसटी स्टँडवर रेचल बसच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे साईनाथ, त्याची आई आणि सात वर्षांची मुलगी अक्षदा, तिघं हॉस्पिटलमधून आलेली.

"साईनाथ, परत सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

"आई, तिसऱ्यांदा सांगतोय. हृदयातून निघते ती मोठी रक्तवाहिनी हिची एका जागी अरुंद आहे. एमआरआयमध्ये रक्ताचा वेग मोजला. मग कॉम्प्युटरवर हुबेहूब तशीच नळी बनवून तिच्यातून रक्त सोडून बघितलं."

"कोणाचं रक्त?"

"कोणाचंच नाही गं. गणिताचं."

"गणितात तर ही कच्ची आहे."

"आजी, मी पास झालेले."

"आणि ते लाल-निळं काय हलत होतं?"

"जिथे रक्त जोरात तिथे लाल, संथ तिथे निळं. ही पळाली तर काय होईल, तेही डॉक्टरांनी त्यातच बघितलं."

"ही तर माझ्या मांडीवर बसलेली."

"कॉम्प्युटरमध्ये पळाली. तरी त्या अरुंद जागी दाब धोक्याइतका वाढला नाही. म्हणून ऑपरेशन नको, वर्षाने परत दाखवायचं फक्त."

"वर्षभर पोरीला पीटीच्या तासाला बसवून ठेवलं रे. आता खेळू दे म्हणाले?"

"काय हवं ते खेळू दे म्हणाले."

"पप्पा, आत्ता पळू?"

"पळ."

अक्षदा सुटलीच. रेचलने आपली बॅग वाटेतून उचलली.

"अगं, हळू," आजी सवयीने म्हणाली. मग तिने पदर कमरेला खोचला. "थांब, मी पण येते."

"आई, शीळफाट्याची बस लागली."

"लागू दे."