कवडूचे दोन्ही हात वर होते

भिलाई, तारीख ४ डिसेंबर १९६१.

माझे नाव शेषराव महादेवराव गायधने. वय चौतीस, धंदा मशीन फिटर, नोकरी बांधकाम ठेकेदाराकडे. राहणार चरोदा, धाकट्या भावाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. मूळ गाव काटोलकडे. ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, मला इथे कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आलो आहे. हवालदार दौलतराव नागपूरकडचेच असल्यामुळे त्यांनी हा जबाब माझ्याच भाषेत उतरवून घेतला आहे.

कारखान्याच्या वाढीव कामात काँक्रीटचा एक भाग आमच्या ठेकेदाराकडे आहे. तिथे एक ट्रॅक्टर असून त्याच्या तोंडाला लोडर बसवलेला आहे, म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला बकेट. पंप टाकीतले तेल दाबाने दोन सिलिंडरांत ढकलतो आणि हात वर उचलले जातात. ड्रायव्हरने हँडल सोडले की स्प्रिंग ते मध्यभागी आणते, व्हॉल्व्ह तेलाची वाट बंद करतो आणि हात असतील तिथे थांबतात. तेलाला परतीची वाट मिळाली तर मात्र हात खाली येतात. हे मुद्दाम आधी लिहवून घेतले आहे, कारण सगळे प्रकरण याच्यावर आहे.

लोडरचा ड्रायव्हर कवडू, राहणार उतई. परवा सकाळी त्याने गिट्टीची बकेट वर उचलून मिक्सरपुढे आणली. मजूर ओमप्रकाश मिक्सरच्या तोंडाशी अडकलेला दगड काढायला वाकला होता. मी जवळच पंपाची दुरुस्ती करत होतो. कवडू ओरडला, "बाजूले हो, बाजूले हो!" म्हणून मी मान वर केली. भरलेली बकेट आपोआप खाली येत होती. ओमप्रकाश उडी मारून निघाला, पण त्याचा डावा पाय खाली सापडला. तो दवाखान्यात आहे. जीव वाचला आहे. पाय राहील की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

साइटच्या मॅनेजरनी त्याच दिवशी ठाण्यात लिहून दिले की, कवडू मोहाची दारू पिऊन होता, त्याने हँडल खाली ढकलले आणि अपघात केला. पुरावा म्हणून त्यांनी सांगितले की, नंतर हँडल खालच्या बाजूला कललेले सापडले. कवडू तेव्हापासून कोठडीत आहे. कवडू पितो, हे खरे आहे. त्या सकाळी तो प्यालेला नव्हता, हेही खरे आहे. आम्ही एकाच टपरीवर चहा घेतला होता आणि तो माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता. बकेट खाली येत असताना त्याचे दोन्ही हात वर होते. तो दोन्ही हातांनी ओमप्रकाशला खुणावत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

मॅनेजर मला म्हणाले, "तुम्हारा यार है, तुम तो बोलोगे ही." म्हणून मी ठरवले की माझ्या बोलण्यावर काही ठेवायचे नाही. जे सांगायचे ते लोडरनेच सांगावे.

काल हवालदार दौलतराव आणि दोन पंच यांच्यासमोर लोडर तपासला. आधी टाकीतले तेल पाहिले. पुरेसे होते. तेलाचा रबरी होस कुठेही पाझरत नव्हता. मग रिकामी बकेट वर नेऊन इंजिन बंद केले आणि सगळ्यांना दूर उभे केले. हँडलाला कोणाचा हात नव्हता. तरी लोडरचे हात हळूहळू उतरू लागले. एक पंच दोन पावले आणखी मागे सरकला.

तेल परत जायला वाटा दोनच. एक तर सिलिंडरातला वॉशर झिजलेला असतो, नाहीतर व्हॉल्व्ह नीट बंद होत नसतो. कोणती ते अंदाजाने सांगायचे नसते. मी हात पुन्हा वर नेले आणि खाली जॅकवर रेल्वेचे स्लीपर रचून त्यांवर टेकवले. ज्या होसमधून हात उचलणारे तेल सिलिंडरात जाते, ते दोन्ही काढले आणि सिलिंडरांच्या त्या तोंडांना बुचे आवळून बसवली. आता व्हॉल्व्हचा सिलिंडरांशी संबंध उरला नाही. मग जॅक उतरवला. वॉशर झिजलेले असते तर हात खाली आले असते. आम्ही सगळे जेवून आलो तरी हात होते तिथेच होते. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा.

व्हॉल्व्ह उघडला. आतली दांडी एरवी बोटाने ढकलली तरी सरकते आणि सोडली की मागे येते. ही जिथे ढकलावी तिथेच रुतून बसत होती. तिच्या अंगावर काकवीसारखा तांबूस चिकट थर होता. म्हणून हँडल मध्यभागी येत नव्हते आणि खालच्या बाजूला जरा कलून अडकत होते. मॅनेजरना जे कललेले हँडल सापडले ते हेच. कवडूने महिन्याभरापूर्वी माझ्यासमोर मॅनेजरना सांगितले होते, "साहेब, हँडल सोडलं की मधात येत नाई, मलेच आणावं लागते." त्याला उत्तर मिळाले होते की, काम चालू दे.

काल संध्याकाळी मॅनेजर आले आणि म्हणाले, "मिट्टी का तेल मारो, साफ करके बिठा दो. कल काँक्रीट की कास्टिंग है." रॉकेलने धुवायला मी नाही म्हणालो. ते म्हणाले, नोकरी जाईल. मी म्हणालो, "साहेब, कवडू सुटला की धुतो." दांडी फडक्यात गुंडाळून मी दौलतरावांच्या ताब्यात दिली आहे. ती कोणी धुवू नये.

इथपर्यंत सांगून मी थांबलो असतो तर चालले असते. पण त्या थराला वास होता आणि तो वास मी लहानपणापासून ओळखतो. तो जवसाच्या तेलाचा होता. हे तेल उष्णता आणि हवा लागली की वाळून चिकट होते. आमच्या साइटवर ते कोणी वापरत नाही. आमच्या घरी वापरतात.

दसऱ्याला साइटवर सगळ्या मशिनींची पूजा झाली होती. घरची माणसे आली होती. लोडर धुऊन त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. माझी आई ठकूबाई माझ्यासोबत होती. मी टाकीचे झाकण काढून तेल पाहत होतो, तेव्हा तिने विचारले, "हे काय पेते रे?" मी हसून म्हणालो, "तेलच पेते, माय. तेलावरच याचे हात चालतेत." आई दर शनिवारी मारुतीला तेल वाहते. तिच्या मुलाची भाकरी ज्या मशिनीवर आहे, तिला ती उपाशी कशी ठेवील? मी प्रसादाचे नारळ फोडायला गेलो, तेवढ्यात आईने घरून आणलेल्या बाटलीतले थोडेसे तेल टाकीत टाकले.

काल रात्री मी तिला विचारले. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "हो, मीच टाकलं. कावून? चांगलं घाण्याचं होतं." मी काय झाले ते सांगितले. तिचे हात सुपातच थांबले. तिने विचारले, "त्या पोराचा पाय वाचन का?" मी म्हणालो, माहीत नाही. मग म्हणाली, "अन् कवडू आत बसून हाय?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "सकाळी चाल मंग. मी बी येतो."

दौलतरावांनी हे लिहिण्याआधी लेखणी बाजूला ठेवली. म्हणाले, "शेषराव, कोण्या बाईनं तेल टाकलं, असं लिहू ना. मायचं नाव कावून घालता?" त्यांचा हेतू चांगला होता आणि मला क्षणभर मोह झाला. पण बिननावाची बाई कोर्टात उभी राहत नाही. मॅनेजर म्हणतील, फिटरने मित्रासाठी गोष्ट रचली. कवडूचीही आई उतईला वाट पाहत बसली आहे. म्हणून मी नाव घालायला सांगितले. ठकूबाई महादेवराव गायधने, वय अंदाजे साठ, माझी सख्खी आई. तिला मशिनीचे काही कळत नाही आणि तिच्या मनात पूजेशिवाय काही नव्हते. दौलतरावांनी हे दोनदा विचारून घेतले.

जबाब पुरा झाल्यावर दौलतरावांनी तो सावकाश, मोठ्याने वाचला. आई व्हरांड्यातल्या बाकावर बसून ऐकत होती. "थोडेसे तेल" इथे ती उठून दारात आली.

"थोडंसं नाई, साहेब. पूरी बाटली व्हती. उलटी करून शेवटचा थेंब बी काढला. थोड्याशा तेलानं एवढं मोठं मशीन कुठं चिकटते? असं लिवलं तं कवडूले कोन सोडन?"

तो शब्द माझा होता, तिचा नव्हता. माझ्या सांगण्यावरून "थोडेसे तेल" खोडून तिथे "भरलेली बाटली" असे लिहिले आहे. बाकी मजकूर मी ऐकला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, त्यात कोणाच्या दबावाने काही घातलेले नाही.

सही: शेषराव म. गायधने

सहीखाली आईने, कोणी सांगितले नसताना, आपला अंगठा उठवला आहे.