सांडव्यावरची जाळी

(शहाडच्या पलीकडे ओढ्यावर घातलेला मातीचा खासगी बांध. ऑगस्टची दुपार, पाऊस थांबत नाही.)

वर्षाली : बाबा, जाळी कापायची.

चांगदेव : कापायची? अगो, कचरा काढतो ना मी.

वर्षाली : सकाळपासून तीनदा काढलात. जलपर्णी, पिशव्या, परत तुंबली. सांडव्यातून पाणी जातच नाहीये.

चांगदेव : मासं जातील. सोडली तवा बोटाएवढी व्हती, आता हातभर जालीत.

वर्षाली : मी खाली पायथ्याशी सान्वीचे लंगोट धुते ना, झिरपतं तिथे? आज पाणी गढूळ आलंय.

चांगदेव : पावसाचं असंल.

वर्षाली : लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच शिकवलंत. निवळ झिरपलं तर बांधाला घाम आलाय म्हणायचं. गढूळ आलं तर आतली माती चाललीय.

चांगदेव : तुज्या सासूनं नि मी घमेल्यानं माती वाहिली गो याला. खालच्या चाळीच्या विहिरीला मे महिन्यात पानी असतं, ते कुनामुळं?

वर्षाली : याच्यामुळंच. आणि आज फुटला तर विहीर राहणार नाही, चाळही नाही. तीस खोल्या आहेत, बाबा. कोयता कुठाय?

चांगदेव : थांब! एकदम सोडलंस तर तूच बुडवशील त्यांना.

वर्षाली : चाळीतल्या मंजुळाकाकींना फोन केला मघाशीच. सगळे शाळेत गेलेत, वरच्या मजल्यावर.

चांगदेव : मला न इचारता?

वर्षाली : तुम्ही हो म्हणेपर्यंत थांबायचं होतं?

चांगदेव : ...सासूवर गेलीस अगदी. आन इकडं कोयता. तू नको उतरू, पोर हाय कडेवर. डावीकडनं हातभर कापायची, मग थांबायचं. पानी वळू द्यायचं.

वर्षाली : दोर बांधा आधी कमरेला. दुसरं टोक मी झाडाला आवळलंय.

चांगदेव : दोन महिनं इनली गो ही जाळी...

वर्षाली : माहितीये.

चांगदेव : गेली! अगो ती रोहू बघ, केवढी!

वर्षाली : नका बघू तिकडे. अजून हातभर कापा.

चांगदेव : काठापासून किती खाली पानी?

वर्षाली : मघाशी वीतभर होतं. आता... दीड वीत. उतरतंय, बाबा.

चांगदेव : उतरू दे. तरी आज कुनाला चाळीत येऊ देऊ नको. रात शाळेतच काढा म्हनावं.

वर्षाली : सांगते.

चांगदेव : आनि सान्वीला दे माज्याकडं. तू मोठं पातेलं काढ. भात लागंल सगळ्यांना.