अर्ध्या भरलेल्या दोन बादल्या

जबाब देणार : मयताची पत्नी, वय ५४, धंदा घरी शिवणकाम, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, रविवारी सकाळी सातला खालच्या नळाला पाणी आलं. माझ्या यजमानांना सुट्टी होती, म्हणून पाणी ते आणत होते आणि मी केर काढत होते. त्यांनी दोन्ही बादल्या अर्ध्याच भरून आणल्या. मी म्हटलं, "अर्ध्या आणून खेपा कशाला वाढवता?" ते म्हणाले, "अगं, एक हात गेला तर दुसऱ्याला सगळं उचलता आलं पाहिजे." मी म्हटलं, "हात कुठे चाललाय? भाजी चिरायची राहिलीय अजून." ते हसले.

यजमान अ‍ॅम्ब्युलन्स केंद्रात नेटवर्क सांभाळत. लोकांचे फोन तिथे तीन लाइनींवरून येत. कुठल्या लाइनीवर किती भार टाकायचा, ते यजमान बघत. दोन महिन्यांपूर्वी केंद्राच्या साहेबांनी तिसरी लाइन बंद केली आणि तिचा भार उरलेल्या दोन्ही लाइनींवर टाकायला लावला. यजमान घरी येऊन म्हणाले, "वाटणी अगदी सारखी झालीय. दोन्ही गळ्यापर्यंत भरल्यात." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

रविवारी आठ वाजून दहा मिनिटांनी ते जिन्यातच बसले. छातीत कळ येत होती. सव्वाआठपासून मी अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर लावला. एकोणीस वेळा लावला. लागला नाही. ते म्हणाले, "एक गेली वाटतं." त्यानंतर ते बोलले नाहीत. नऊला शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं. आणण्यापूर्वीच गेले होते, असं डॉक्टरांनी सांगितलं.

गुरुवारी दुपारी साहेब घरी आले. म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी एक लाइन तुटली, सगळा भार दुसरीवर आला आणि तीही बसली. वाटणी यांनीच केली होती, अहवालात तसंच जाईल. आता त्यांना काय फरक पडणार आहे? त्यांची कामाची वही तेवढी द्या. तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

मी शाळेत गेलेले नाही. रद्दीच्या वर्तमानपत्रांवर ब्लाउजचे नमुने कापता कापता अक्षरं जुळवायला शिकले. वहीत यजमानांनी लिहिलं आहे, 'कोणतीही लाइन निम्म्याहून जास्त भरू नये. एक पडली तर दुसरी पेलणार नाही.' त्याखाली 'पाहिले' असं लिहून साहेबांनी सही केली आहे. मी साहेबांना पाणी दिलं. वही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, पाणी भरून झाल्यावर मी ती वही घेऊन ठाण्यात आले. वही हजर केली आहे.

हवालदारांनी लिहिलेलं मला वाचून दाखवलं, मग मीही वाचलं. त्यात 'अंदाजे वीस वेळा' असं होतं, ते 'एकोणीस' करून घेतलं. बाकी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.