पिण्याचा रांजण

लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कहकशां नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी निलंग्याकडचे ग्यानोबा आणि त्यांची बायको धोंडाबाई होत्या. ग्यानोबांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. धोंडाबाई त्यांना झापत होत्या आणि कहकशां ऐकत होती.

“ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काडी कशाला पेटवली म्हणते मी?”

“आतलं पाणी दिसंना. मला काय ठाव, तिच्यातला गॅस भडका घेतो?”

“ॲसिड डोळ्यात उडालं, अन् तुम्ही चोळत बसलाव!”

“म्हणून पिण्याचा सगळा रांजण माझ्यावर ओतलास? टँकरचा पत्ता न्हाई.”

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

“बाबा, यांनी लगेच भरपूर पाणी ओतलं, म्हणून डोळा वाचला.”

ग्यानोबा हळूच म्हणाले, “मॅडम, हिचा हात बी बघा. ॲसिडनं भाजलाय. कालपासून पदराखाली लपवून राहिली.”

धोंडाबाई चमकल्या. “तुम्हाला कसं दिसलं?”

“दुसरा डोळा उघडाच हाय की.”