नवी मुख्याध्यापिका

नाही म्हणजे नाही, झोया, किती वेळा सांगू — आणि चहा घे आधी, मुख्याध्यापिका झालीस म्हणून माझ्या हातचा चहा काही कडू झाला नाही. मी हे टोमॅटो बरण्यांत भरता भरता बोलते, ठेवले तर नासतील — काय म्हणालीस? एक तारखेला शाळा उघडायचीय आणि खालच्या वर्गांना बाई मिळत नाही? नाहीच मिळणार. जन्मभर तू कवायत शिकवलीस, शिट्टी फुंकलीस, बाजूच्या वर्गात मी घसा फोडत होते — आणि आता रशियन कमांडर येतो, तुला खुर्ची देतो, खोकी भरून मॉस्कोची पुस्तकं देतो, आणि तू म्हणतेस, गणित ते गणितच. असेल. पण पहिल्याच पानावर नकाशा आहे, त्यात आपलं खेरसोन युक्रेनमध्ये नाही, रशियाच्या रंगात रंगवलंय. त्यावर बोट ठेवून काय सांगू मी पोरांना? सांग ना.

माझ्या नवऱ्याचं काढू नकोस. हो, माझा पानास जातो रोज गावाच्या पाण्याच्या पंपावर, बंदूकवाल्यांच्या देखत पाणी सोडतो. मग काय, बंद करायचं? दवाखान्यातल्या माणसांनी काय प्यायचं, तुझ्या आईनं काय प्यायचं? सोडलं तर शेजारी गद्दार म्हणतात, नाही सोडलं तर ते लोक कोंडून मारतात — घरी येऊन माणूस भिंतीकडे तोंड करून बसतो. मला राग येतो त्याचा, मग माझंच मला रडू येतं. पण पाणी सगळ्यांना सारखंच लागतं गं. त्या पुस्तकांचं तसं नाही.

आणि धमक्या कुणाला देतेस? पोरं शाळेत धाडली नाहीत तर आईबापांपासून तोडून नेतील — हे तू बोलतेस आणि मान खाली घालतेस, म्हणजे तुलाही पटत नाही. वर म्हणतेस, पोरं अडाणी राहतील. कोण राहतंय अडाणी? तुझी नातच बघ, दारिना, वसंतात एकेक अक्षर लावत बसायची, आणि परवा कोल्ह्याची गोष्ट अख्खी वाचली, आपल्या भाषेत, कुठे अडखळली नाही, उलट मलाच विचारते —

कुठे म्हणजे? रस्त्यात भेटली होती. नाही... रस्त्यात पुस्तक कुठून येणार. बरोबर आहे तुझं.

बोलून बसले मी. खाली तळघरात वाचली, झोया, या बरण्यांच्या मधे बसून. तुझी लेकच आणून सोडते तिला. तुला सांगितलं नाही, कारण तुझी भीती वाटते त्यांना — कमांडरची नाही एवढी तुझी. जा, सांग त्याला. झडतीला येतील तेव्हा तुझी नात कुठल्या कोपऱ्यात बसते तेही दाखव.

रडू नकोस. माझ्याकडे वेळ नाही. ऊठ, आणि पुढच्या दारानं जा — मागच्या दारानं दारिना येईल आत्ता, तुला बघितलं तर घाबरेल.